जुन्या सीरिज-३ मध्ये नवे इंजिन: मोजणी चाकापासून सुरू करा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुमच्याकडे ८८ इंची व्हीलबेसची लँड रोव्हर सीरिज-३ आहे. तिचे मूळ सव्वादोन लिटरचे पेट्रोल इंजिन थकले आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरले आहे, चढावर गाडीला दम लागतो आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. एका फिटरने तुम्हाला सांगितले आहे की हल्लीचे एखादे कॉमन-रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरांना इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने इंधन देणारे) टर्बो डिझेल इंजिन ॲडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी मधली चकती) लावून सहज बसेल. कोणते इंजिन घ्यावे आणि प्लेटखेरीज आणखी काही लागते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

फिटर खोटे बोलत नाही. इंजिन बसते. ते जागेवर उतरवायला दोन दिवस पुरतात, आणि दोन दिवसांनंतर गाडी पूर्ण झाल्यासारखी दिसतेही. त्यापुढचे काही महिने मात्र ज्या कामांत जातात, त्यांच्याबद्दल इंजिन विकणारा किंवा प्लेट बनवणारा बोलत नाही. म्हणून 'कोणते इंजिन बसेल' या प्रश्नाऐवजी 'ही गाडी किती जोर, किती उष्णता आणि किती वेग पेलू शकेल' हा प्रश्न आधी सोडवावा, असे मी सुचवतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या अर्धवट सोडलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांत इंजिन उत्तम होते. अडले होते ते त्याच्या आजूबाजूला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथून मी ठरवू शकत नाही. गाडी महिन्यातून दोनदा खडकाळ वाटेवर जाते की रोज हमरस्त्यावर धावते, वेल्डिंग आणि वायरिंग तुम्ही स्वतः करता की प्रत्येक कामाला माणूस लावता, चॅसिस कितपत गंजली आहे आणि तुमच्याकडच्या नोंदणीच्या नियमांत इंजिनबदलाला परवानगी आहे की नाही, यांवर उत्तर बदलते. शेवटचा मुद्दा अनेकजण गाडी तयार झाल्यावर तपासतात. काही ठिकाणी इंधनाचा प्रकार बदलला की वेगळी मंजुरी लागते, काही ठिकाणी धुराची चाचणी गाडीच्या वर्षाऐवजी इंजिनाच्या वर्षाप्रमाणे होते. नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक बोल्टही खोलू नका.

त्याहीआधी जुन्या इंजिनाला एक संधी द्या. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम उतरले असेल, तर माझा पहिला संशय रिंगांवर न जाता त्या दोन सिलिंडरांमधल्या हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या सीलवर) जातो. तपासायला सोपे आहे: कॉम्प्रेशन एकदा कोरडे मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. जवळपास तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे. निळा धूर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी सुरू करताना क्षणभर येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड आणि त्यांची सीले पाहा. चढावर जोर देताना सतत येत असेल, तर रिंगांकडे वळा. हेडच्या कामाने बरी होणारी गाडी इंजिन बदलायला निघालेली मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे.

समजा इंजिन खरोखरच संपले आहे. तरीही कॉमन-रेलपर्यंत उडी मारण्याआधी मधल्या दोन पायऱ्या आहेत. तुमचे २,२८६ घनसेंमीचे इंजिन ज्या कुटुंबातले आहे ते कुटुंब पुढे बराच काळ वाढत राहिले. १९८० पासून याच इंजिनाच्या क्रँकशाफ्टला तीनाऐवजी पाच मेन बेअरिंग मिळाली, आणि १९८५ मध्ये त्याची २,४९५ घनसेंमीची पेट्रोल आवृत्ती आली. ही इंजिने तुमच्या गाडीत फारशी काटछाट न करता बसतात. त्याच वंशातले पुढचे मोठे पाऊल म्हणजे २००टीडीआय: २,४९५ घनसेंमी, थेट इंधन फवारणी, टर्बो आणि इंटरकूलर, पण पंप पूर्णपणे यांत्रिक. ते १९८९ मध्ये डिस्कव्हरीत आणि पुढच्याच वर्षी डिफेंडरमध्ये आले. सुमारे ११० अश्वशक्ती आणि साधारण २६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही १,८०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना). रक्ताचे नाते असल्यामुळे मागचा भाग तुमच्या गिअरबॉक्सशी थोड्याच बदलांनी जुळतो. १९९४ च्या ३००टीडीआयमध्ये मात्र माउंटिंगपासून बरेच काही बदलले, त्यामुळे आकड्यांत जवळपास सारखे असूनही ते तितक्या सरळपणे बसत नाही. नवे ते अधिक सोपे असेल, हा समज इथेच मोडतो.

आता मोजणीकडे येतो. मी नेहमी चाकापासून सुरुवात करून पुढे इंजिनाकडे जातो. तुमच्या गाडीच्या डिफरन्शियलचे (एक्सलमधल्या, दोन चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरसंचाचे) गुणोत्तर ४.७ आहे आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर देणाऱ्या, रस्त्यासाठी हाय आणि अवघड वाटेसाठी लो अशा दोन रेंज असलेल्या पेटीच्या) हाय रेंजचे सुमारे १.१५. चौथा गिअर थेट असल्याने चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे जवळजवळ ५.४ फेरे होतात. ७.५०-१६ टायरचा घेर अंदाजे २.४५ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन २,९०० च्या थोडे वर फिरते आणि ताशी १०० ला ३,६५० च्या पुढे जाते. पेट्रोल इंजिन तेवढे फिरण्यासाठीच बनवले होते. ज्या डिझेलचा जोर १,८०० ला सर्वाधिक असतो, ते दिवसभर ३,६५० वर पळवणे म्हणजे इंधन जाळून फक्त आवाज विकत घेणे. म्हणजे नवे इंजिन बसले, तरी गिअरिंग तेच ठेवले तर हमरस्त्यावर मोठा फायदा दिसत नाही, आणि मालक वैतागून म्हणतो की इंजिनच बरोबर नाही.

यावर लोकप्रिय उपाय म्हणजे नंतरच्या रेंज रोव्हर-डिस्कव्हरीतले ३.५४ गुणोत्तराचे डिफरन्शियल घालणे. त्याने ताशी ८० चा आकडा सुमारे २,२०० वर येतो, जे डिझेलला मानवते. पण किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते. सीरिज-३ चा पहिला गिअर ३.६८ आणि लो रेंज २.३५, मूळ डिफरन्शियल धरून एकूण गुणोत्तर ४०.६ होते. १,००० आरपीएमवर गाडी ताशी ३.६ किलोमीटरने, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीने सरकते. ३.५४ घातले की तेच गुणोत्तर ३०.६ वर येते आणि वेग ताशी ४.८ किलोमीटर होतो. आकडा लहान दिसतो, पण ओल्या खडकावरून खाली उतरताना तो फरक ब्रेकवरच्या पायाला लगेच कळतो. शिवाय टर्बो इंजिन १,५०० च्या खाली अर्धे झोपलेले असते, तेव्हा उंच गिअरिंगवर ते रांगण्याऐवजी बंद पडायला पाहते. डिझेलचा गव्हर्नर पाय काढल्यावरही आयडल सांभाळतो ही जमेची बाजू आहे, पण तो गव्हर्नर गिअरची उणीव पूर्ण भरून काढत नाही. त्यामुळे ऑफ-रोडचा वापर खरोखर असेल, तर डिफरन्शियल मूळचेच ठेवून ट्रान्सफर केसमधले फक्त हाय रेंजचे गिअर बदलणे किंवा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण लो रेंजला हात लागत नाही. आणि डिफरन्शियल बदलायचेच ठरले, तर पुढचे आणि मागचे दोन्ही बदला. या गाडीत मधले डिफरन्शियल नाही. दोन एक्सलची गुणोत्तरे वेगळी असतील तर फोर-व्हील लावताच संपूर्ण ड्राइव्हलाइन एकमेकांविरुद्ध पिळली जाईल.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. 'नवे इंजिन घातले की हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) तुटतात' असे सरसकट म्हटले जाते. हिशेब करून पाहा. जुन्या इंजिनाचे सुमारे १६५ न्यूटन-मीटर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ४०.६ पट झाले की घर्षण वगळता ६,७०० होतात. १,६०० किलोची गाडी चांगल्या पकडीच्या जमिनीवर चारही चाके घसरण्याआधी साधारण ४,९०० न्यूटन-मीटरच पेलू शकते. म्हणजे सर्वांत खालच्या गिअरमध्ये तुमचे जुने इंजिनही टायरपेक्षा ताकदवान होते. शाफ्ट तुटतो तो झटक्याने: चाक हवेत गरगर फिरत असते, अचानक दगड पकडते, आणि सगळा भार एका बाजूवर येतो. नवे इंजिन त्या स्थितीला वरच्या गिअरांतही पोहोचवते, म्हणून धोका वाढतो हे खरे, पण त्यावरचा निम्मा उपाय तुमच्या उजव्या पायात आहे.

गिअरबॉक्सचे तसे नाही. त्याच्यातून जाणारा टॉर्क टायरने मर्यादित होण्याआधी इंजिनाकडून येतो, आणि तो दर चढावर, दर ओव्हरटेकला, तासन्तास येत राहतो. सीरिजचा गिअरबॉक्स १६५ च्या आसपासच्या टॉर्कसाठी आखलेला आहे. २६० वर तो सांभाळून चालवणाऱ्याच्या हाती बराच काळ टिकतो, हे मी पाहिले आहे. पण कॉमन-रेल इंजिनाचे उदाहरण घ्या: २००७ च्या डिफेंडरमधले २.४ लिटरचे इंजिन १२२ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर देते. मूळच्या दुपटीहून जास्त. तो टॉर्क तुमच्या गिअरबॉक्सला देणे म्हणजे तो कधी जाणार याची तारीख तेवढी ठरवायची राहिली.

म्हणून कॉमन-रेल म्हटले की गिअरबॉक्सही बदलायचा, आणि तिथून एकामागून एक गोष्टी ओढल्या जातात. नंतरचा पाच गतींचा गिअरबॉक्स लांब असतो, त्यामुळे तुमच्या आखूड गाडीचा मागचा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) आणखी आखूड होतो आणि त्याच्या जॉइंटचे कोन वाढतात. त्या गिअरबॉक्ससोबत येणारा ट्रान्सफर केस बहुधा कायमस्वरूपी फोर-व्हीलचा असतो, आणि तुमच्या पुढच्या एक्सलमध्ये साधे युनिव्हर्सल जॉइंट आहेत, समगती (वळवलेल्या चाकालाही एकसारखा वेग देणारे) जॉइंट नाहीत. ती जोडी तशीच लावली तर वळताना स्टिअरिंग हातात फडफडते. मग पुढचा एक्सल बदलायचा, मग ब्रेक, मग पाटे. या टप्प्यावर मी समोरच्या माणसाला शांतपणे विचारतो की तुम्हाला सीरिज-३ हवी आहे की सीरिज-३ चा सांगाडा घातलेली दुसरी गाडी. दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत. उत्तर आधी ठरलेले असावे, एवढेच.

ॲडॅप्टर प्लेटबद्दल. प्लेट म्हणजे भोके पाडलेली जाड चकती, असे दिसते. तिचे खरे काम क्रँकशाफ्टची आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची मध्यरेषा एक ठेवणे हे आहे. बेलहाउसिंगचे (क्लच झाकणाऱ्या कवचाचे) केंद्र क्रँकच्या केंद्रापासून ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेले चालत नाही, आणि ते डोळ्याने कळत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून क्रँक फिरवून मोजावे लागते. बोल्ट हे केंद्र साधत नाहीत, डॉवेल पिना साधतात. याखेरीज प्लेटच्या जाडीइतका इनपुट शाफ्ट मागे जातो, म्हणून त्याचे टोक स्पिगॉट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातल्या, त्याला आधार देणाऱ्या कड्यात) पुरेसे शिरते का, क्लच प्लेट स्प्लाइनवर पूर्ण बसते का आणि सेल्फचा पिनियन रिंग गिअरला बरोबर खोलीवर गाठतो का, हे तपासावे लागते. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा डायल गेजचे काम टाळले, कारण प्लेट सुबक दिसत होती. गाडी चालली, क्लचही ठीक वाटला, आणि काही महिन्यांनी गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग करकरू लागले. उघडले तेव्हा स्पिगॉट बुश अंड्याच्या आकाराचे झाले होते. तेव्हापासून गेज लावल्याशिवाय मी गिअरबॉक्स इंजिनाला टेकवतही नाही.

जागेची मापे घेताना सर्वाधिक फसवणारी गोष्ट म्हणजे ऑइलचा चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे). गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चेंबर आणि पुढचे डिफरन्शियल यांत भरपूर अंतर दिसते. पण पाटे पूर्ण दबले की डिफरन्शियल वर येते आणि त्याच वेळी इंजिन आपल्या रबरांवर खाली झुकते. म्हणून पुढचा एक्सल जॅकने उचलून बंप स्टॉपला (एक्सलला वर अडवणाऱ्या रबराला) टेकवा, आधी दोन्ही बाजूंनी आणि मग एकेका बाजूने तिरपा, आणि त्या स्थितीत किमान २५ मिलिमीटर मोकळे राहतील असे पाहा. राहत नसतील तर चेंबर कापून वेल्ड करण्याआधी त्यात तेल ओढणारी नळी कुठे आहे ते पाहा. तीव्र उतारावर तेल एका टोकाला जाते. नळीचे तोंड दुसऱ्या टोकाला असेल तर प्रेशरचा दिवा लागतो तेव्हा बेअरिंग आधीच कोरडे पडलेले असते. वरच्या बाजूला बॉनेटचेही तसेच. २००७ च्या डिफेंडरचे नवे इंजिन उंच असल्यामुळे खुद्द कारखान्याला बॉनेटवर उंचवटा आणावा लागला होता, तेव्हा तुमच्या गाडीत ते निमूटपणे मावेल अशी अपेक्षा ठेवू नका. डिस्कव्हरीतून काढलेल्या २००टीडीआयमध्ये टर्बो खालच्या बाजूला असतो आणि तो चॅसिसच्या कडेला भिडतो. डिफेंडरच्या इंजिनात तो वर आहे. घेताना हे पाहून घ्या. माउंटिंग नेहमी रबराचीच ठेवा. खडकात चॅसिस पिळते, आणि इंजिन तिला घट्ट वेल्ड केलेले असेल तर ती पिळवट ब्लॉकच्या कानांवर येते.

थंड ठेवण्याचा प्रश्न ऑफ-रोड गाडीत वेगळा आहे. हमरस्त्यावर वेगाची हवा रेडिएटरला मदत करते. वाळूत किंवा चढावर मात्र इंजिन पूर्ण जोर लावत असते आणि गाडी माणसाच्या चालीने सरकत असते, तेव्हा सगळी हवा पंख्यालाच आणावी लागते. ढोबळ मानाने इंधनातल्या उष्णतेचा एक तृतीयांश जोर म्हणून चाकाकडे जातो, तेवढाच धुरासोबत बाहेर पडतो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यात येतो. शक्ती दीडपट झाली की पाण्यात येणारी उष्णताही त्याच अंगाने वाढते. जुना रेडिएटर नुसता साफ करून भागत नाही; त्यापुढे इंटरकूलर आला की त्याला गरम हवा मिळू लागते. पंख्याभोवतीचे कडे नीट बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे. दुसरे असे की पाण्याची टाकी इंजिनाच्या सर्वांत उंच बिंदूपेक्षा वर असली पाहिजे, नाहीतर हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो, काटा सामान्य दाखवतो आणि हेड मात्र तापत राहते.

डिझेलसाठी इंधनाची परत जाणारी नळी लागते, जी तुमच्या पेट्रोल टाकीला बहुधा नसेल. टाकी आतून गंजली असेल तर बदलाच. यांत्रिक पंप थोडी घाण सोसतो, पण १,३०० बारच्या पुढे आणि नव्या पिढीत २,००० बारपर्यंत दाब उभा करणारी कॉमन-रेल यंत्रणा पाण्याच्या थेंबाने किंवा गंजाच्या कणाने कायमची जाते. त्या दाबाची नळी चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. फवारा कातडी भेदून आत जातो आणि वरून जखम किरकोळ दिसते. ब्रेकच्या सर्व्होला (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेला) जुने इंजिन मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम देत असे. डिझेलमध्ये तो मिळत नाही, म्हणून इंजिनावर व्हॅक्यूम पंप आहे आणि तो चालतो आहे, याची खात्री करा. हे विसरलेली गाडी पहिल्याच उतारावर घाबरवते.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडे सविस्तर, कारण बहुतेक प्रकल्प इथेच थकतात. कॉमन-रेल इंजिनाला क्रँक आणि कॅमचे सेन्सर, रेल प्रेशर, हवेचा दाब आणि तापमान, पाण्याचे तापमान आणि ॲक्सिलरेटरच्या पॅडलची स्थिती एवढे सगळे कळावे लागते. पॅडलला केबल नसते. त्यात दोन स्वतंत्र सिग्नल असतात आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तर इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जोर कमी करून टाकतो. चावीतल्या चिपशी इसीयूची जोडी असते, त्यामुळे चावी आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) यांच्याशिवाय आणलेले इंजिन म्हणजे सुंदर, जड आणि मुके धूड. काही इसीयूंना ब्रेकचा स्विच, क्लचचा स्विच आणि एबीएसकडून येणारा वेगही हवा असतो. तो नसला तर इंजिन सुरू होते पण पूर्ण जोर देत नाही, आणि माणूस आठवडे टर्बो तपासत बसतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक इंजिन घ्यायचे असेल, तर सुटे इंजिन घेऊ नका. अपघातात गेलेली पण चालू असलेली संपूर्ण डोनर (सुटे भाग काढण्यासाठीची) गाडी घ्या, तिच्यात बसून इंजिन ऐका, आणि मग पॅडल, चावी, फ्यूज बॉक्स, मीटर आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) एकही वायर न कापता काढा. हार्नेस लांब वाटला तर गुंडाळून ठेवा. कापणे नंतर कधीही करता येते.

पाण्यातून जाणाऱ्या गाडीत इसीयू उंच आणि कोरड्या जागी ठेवा, आणि त्याची अर्थिंग चॅसिसला न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. गंजलेल्या चॅसिसवरची अर्थिंग हा असा दोष आहे जो दिवसा सापडत नाही आणि पावसात हमखास येतो. १९९८ च्या टीडी५ इंजिनात तर तेल इंजेक्टरच्या हार्नेसमधून केशाकर्षणाने चढत चढत सीटखालच्या इसीयूच्या प्लगपर्यंत पोहोचते. इंजिन अडखळू लागले की जाणकार आधी तो लाल प्लग काढून पुसतात. कारखान्याने बनवलेल्या गाडीत हे घडते, तर आपण जोडलेल्या हार्नेसकडून किती अपेक्षा ठेवावी हे तुम्हीच ठरवा. आणि तुमची गाडी लष्करी वापरातून आलेली २४ व्होल्टची असेल, तर हा सगळा विचार १२ व्होल्टवर नव्याने मांडावा लागेल.

ब्रेकविषयी एकच आकडा सांगतो. वेग ८० वरून १०० वर गेला की थांबवायची ऊर्जा १.५६ पट होते. पुढचे ड्रम तेच असतील तर नवे इंजिन तुम्हाला अशा वेगाला नेईल जिथून ती गाडी परत आणू शकत नाही. त्यामुळे ब्रेकचे काम इंजिनाच्या आधी करा, नंतरसाठी ठेवू नका. नंतर पैसे उरत नाहीत.

तुमचा वापर सुटीच्या दिवशी डोंगरवाटा आणि अधूनमधून लांबचा प्रवास असा धरला, तर मी काय केले असते? आधी तेल टाकून कॉम्प्रेशनची चाचणी. दोष हेडपुरता निघाला तर हेड करून घेतले असते आणि विषय मिटवला असता. ब्लॉक गेला असेल तर डिफेंडरमधले २००टीडीआय शोधले असते, टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि पाण्याचा पंप इंजिन बाहेर असतानाच बदलले असते (तुमच्या जुन्या इंजिनाला चेन आहे, त्यामुळे बेल्टची सवय तुम्हाला नसेल, तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात), मूळ गिअरबॉक्स आणि ४.७ चे डिफरन्शियल ठेवून फक्त हाय रेंज उंच केली असती. कॉमन-रेल मी अशा माणसालाच सुचवतो, ज्याच्याकडे संपूर्ण डोनर गाडी, दुसरी रोजची गाडी आणि वायरिंगचा नकाशा वाचण्याची आवड या तिन्ही गोष्टी आहेत. खर्चाच्या बाजूने पाहिले, तर माझ्या वहीत इंजिनाची किंमत एकूण खर्चाच्या निम्म्यापर्यंत कधीच पोहोचलेली नाही. प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, होज, सायलेन्सर, क्लच आणि किरकोळ ब्रॅकेट हेच खरे बिल असते.

काहीही ठरले तरी जुने इंजिन काढण्याआधी दोन गोष्टी करून ठेवा. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा कोन मोजून लिहून ठेवा. नव्या इंजिनाचा उतार त्याच कोनात बसला पाहिजे, दोन्ही टोकांचे कोन एक अंशाच्या आत जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि कारण शोधायला सगळे पुन्हा उघडावे लागते. दुसरे, पुढच्या दोन्ही पाट्यांची जमिनीपासूनची उंची नोंदवा, म्हणजे नव्या इंजिनाच्या वजनाने गाडी किती बसली ते नंतर कळेल. गाडी चालू झाल्यावर पहिले ५० किलोमीटर घराजवळच फिरवा, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी पुन्हा भरा, माउंटिंग आणि बेलहाउसिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, सायलेन्सरच्या नळीजवळून जाणारी ब्रेकची किंवा इंधनाची नळी हात लावून तपासा. मग ५०० किलोमीटरला हेच सगळे पुन्हा करा, आणि त्यानंतरच लो रेंज लावून खडकांवर जा. कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे, कोरडे आणि तेल टाकून घेतलेले, चारही सिलिंडरांचे लिहून कळवलेत तर पुढचे मी अधिक नेमके सांगू शकेन.